चांदणीचे किल्ले

वर्गमित्रांनो, आपल्या जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. त्यातल्या नवबुरुजाला नऊ पाकळ्या आहेत. खाली उभे राहून बघितले तर नुसती भिंतच दिसते. पुरे फूल दिसते ते नकाशात.

इटली देशात पालमानोव्हा नावाचे गाव आहे. व्हेनिसच्या राज्याने ते 1593 साली वसवायला घेतले. त्याचा तट नऊ टोकांच्या चांदणीसारखा आहे. टोके कशाला? तोफांनी उंच भिंती पडू लागल्या, म्हणून तट बुटके आणि जाड केले. गोल बुरुजाच्या पायथ्याला शत्रू लपला तर वरच्याला दिसत नाही. बुरूज टोकदार असला की त्याची सगळी बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसते. मग लपणार कुठे? कर्नाटकातला टिपू सुलतानाचा मंजराबाद किल्लाही असाच, आठ टोकांचा.

पण नकाशात चांदणी एवढी नीटनेटकी का काढायचे? मला वाटते, लोकांना दाखवायला. सगळ्या बाजू सारख्या, म्हणजे राज्यात कुठे कच्चे नाही, अशी ती खूण.

पालमानोव्हाचे चित्र लई सुंदर आहे. पण राहायला माणसेच येईनात! शेवटी 1622 साली कैद्यांना माफी देऊन तिथे घरासाठी जागा दिल्या.

खाली मी ती चांदणी काढली आहे. कोनमापकाने 40-40 अंशांवर खुणा केल्या. टोके मोजून बघा, पण हात लावू नका. शाई ओली आहे.