रुळांची निगा आणि रुळाकाठची शांतता

मुंबईत रुळालगतच्या चाळीतील विद्यार्थ्याला लोकलच्या खडखडाटातच अभ्यास करावा लागतो. हा आवाज येतो कुठून? भोंगा सोडला तर मुख्यतः चाक रुळावर टेकते तिथून.

पूर्वी 13 मीटर लांबीचे रूळ पट्ट्या व बोल्ट लावून जोडत. प्रत्येक सांध्यावर चाक आपटे. आता रूळ वेल्डिंगने सलग जोडतात, त्यामुळे ती खडखड बरीच कमी झाली. तरीही वापराने रुळाच्या माथ्यावर बारीक लाटा उठतात. त्या यंत्राने घासून काढाव्या लागतात. रुळाखालची खडी हादरे पचवते. तिच्यात चिखल साचला की तिची लवचिकता जाते. मग ती चाळून स्वच्छ करावी लागते. भिंत उभारली तर तळमजल्याला आराम मिळतो, वरच्या मजल्यांना फारसा नाही. म्हणून उपाय मुळाशीच हवा.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल मर्यादा घातली आहे. परंतु नियम कागदावर असतो, रुळावर राबतो तो कामगार. रविवारच्या मेगाब्लॉकला आपण नावे ठेवतो. त्याच काही तासांत ही देखभाल होते आणि आपली झोप व मुलांचा अभ्यास तिच्यावर अवलंबून असतो, हे विसरू नये.