‘बघू आपण’ यातले ‘आपण’ म्हणजे कोण?

पुनर्विकासाच्या बैठकीत ‘बघू आपण’ हे शब्द कितीदा येतात ते मी एका संध्याकाळी मोजायला घेतलं. चहा येईपर्यंत आकडा सतरावर गेला होता. मालमत्ता पत्रक कोण काढणार? बघू आपण. वकिलांना फोन? बघू आपण. वरच्या मजल्यावरच्या आजींना समजावून कोण सांगणार? बघू आपण. दीड वर्षानंतर वही उघडली तेव्हा त्या सतरांपैकी जी कामं झाली होती, ती झाली होती एकेका माणसाने मनावर घेतल्यामुळे. ‘आपण’ नावाच्या गृहस्थांनी एकही केलं नव्हतं.

आमची इमारत मुंबईच्या उपनगरातली, चार मजल्यांची, बत्तीस घरांची. मी समितीत आधी साधा सभासद होतो, नंतर सचिव झालो. जे शिकलो ते बहुतेक चुकून शिकलो. कार्पेट किती मागावा, कॉर्पस किती घ्यावा यावर सांगणारे गल्लोगल्ली आहेत. इथे फक्त कोणी काय करायचं, एवढंच.

काय करावं

१. एका कामापुढे एकच नाव लिहावं.
‘समिती’ हे नाव नव्हे. ‘सचिव व खजिनदार’ हेही नव्हे. आमच्याकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा अर्ज दोघांवर सोपवला होता. दोघेही सज्जन, दोघेही कामसू. एकाने कागद जमवून दुसऱ्याकडे दिले आणि अर्ज गेला असं समजला. दुसरा समजला की पहिल्याने अर्ज आधीच दिला आहे, या नुसत्या प्रती आहेत. आठ महिने आम्ही सरकारी दिरंगाईला शिव्या देत बसलो. फाइल तिथे पोचलीच नव्हती. मदतीला दहा जण असोत, पण ‘काय झालं?’ असं विचारल्यावर मान एकाचीच वर झाली पाहिजे.

२. चार रकान्यांचा तक्ता करून सूचनाफलकावर लावावा.
कंपन्यांमध्ये अशा तक्त्याला चार इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रासी’ म्हणतात. सोसायटीत सरळ मराठीत लिहावं: करणारा, जाब देणारा, ज्यांना विचारायचं ते, ज्यांना कळवायचं ते. उदाहरणार्थ, विकास कराराचा मसुदा. तपासणार सोसायटीचे वकील. तपासून झाला की नाही याचा जाब देणार सचिव. विचारायचं पीएमसीला (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराला) आणि सीएंना. कळवायचं सगळ्या सभासदांना. दुसऱ्या रकान्यात कधीही दोन नावं नकोत.
खरी भांडणं मात्र तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यामधल्या रेघेवर होतात. ज्याला नुसतं कळवायचं असतं त्याला वाटतं, आपल्याला विचारायला हवं होतं. ‘मला विचारलं नाही’ या तीन शब्दांवर आमच्या तीन बैठका गेल्या. तक्ता भिंतीवर लागल्यावर तक्रार थांबली नाही, पण निदान ‘माझं नाव चौथ्यात का, तिसऱ्यात का नाही?’ अशी नेमकी झाली. त्यावर उत्तर देता येतं.

३. कुठला निर्णय कोणाच्या हातात, ते आधी ठरवावं.
काही बाबतींत ते सरकारनेच ठरवून दिलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ ला निघालेल्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. आधी ७५ टक्के लागायची. विकासकाची निवड सर्वसाधारण सभेत, निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर, चित्रीकरण करून करायची. म्हणजे ‘विकासक आम्ही पाहून ठेवलाय’ असं सांगायची सोय समितीला नाही. समितीचं काम कागद तयार ठेवण्याचं, निविदांचा तुलनात्मक तक्ता मांडण्याचं. निवड सभेची.
याची उलट बाजूही लक्षात ठेवावी. लॉबीतल्या फरशीचा रंग ठरवायला विशेष सभा बोलावू नये. आम्ही बोलावली होती. दोन तास चालली, रंग ठरला नाही.

४. जबाबदारीबरोबर अधिकार द्यावा, आणि तो आकड्यात लिहावा.
‘खर्चाचं तुम्ही बघा’ म्हणणं सोपं. किती रुपयांपर्यंत न विचारता? किती रुपयांनंतर समितीला विचारून? कुठल्या आकड्यापलीकडे सभेत? हे लिहिलेलं नसेल तर नकाशाच्या चार झेरॉक्स काढायलाही सचिव बैठकीची वाट बघतो, नाहीतर कोणाला न सांगता तज्ज्ञाला मोठी रक्कम देऊन बसतो. मधला मार्ग माणसाच्या स्वभावावर सोडू नये.
मोठ्या कामातलं उदाहरण कोकण रेल्वेचं. १९९० साली कॉर्पोरेशन स्थापन झालं, १९९८ साली रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला. कॉर्पोरेशनचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी तो मार्ग सात विभागांत वाटला आणि प्रत्येक विभागावर एकेक मुख्य अभियंता बसवला. आपल्या टप्प्यातलं काम त्याचं, आणि ते पुढे नेण्यासाठी लागणारे निर्णयही त्याचे. कार्यालयांत उरलेले दिवस दाखवणारी उलटी चालणारी घड्याळं लावली होती. बत्तीस घरांच्या सोसायटीला घड्याळ परवडेल. खरा अवघड भाग आहे तो ‘निर्णयही त्याचे’ हा.

५. प्रत्येक नावापुढे बदली माणसाचं नाव लिहावं.
सोसायटीच्या समितीत निवृत्त माणसं जास्त, आणि निवृत्त माणसांची मुलं परदेशात. आमचे खजिनदार काका नातवाच्या जन्माला न्यूजर्सीला गेले ते सहा महिन्यांनी परतले. बँकेची कामं अडली, कपाटाची किल्लीही त्यांच्याच जुडग्यात. बदली माणूस नुसता कागदावर नको. कागद कुठल्या फाइलमध्ये आहेत, कुणाशी काय बोलणं झालंय, हे त्याला महिन्यातून एकदा समजावून सांगितलेलं असावं.

६. घर कोणाच्या नावावर आहे ते पाहून मगच काम द्यावं.
कित्येक घरं वहिनींच्या नावावर असतात आणि बैठकीला येतात ते भाऊ. समितीत बसायला, मत द्यायला नुसतं नवरा असणं ही पात्रता होत नाही. शेअर सर्टिफिकेट आणि सभासद नोंदवही उघडून बघावी. नाहीतर दोन वर्षांनी एखादा हुशार वकील सगळ्या ठरावांकडे बोट दाखवतो.

७. विरोध करणाऱ्याला वाचायचं काम द्यावं.
प्रत्येक इमारतीत एक जण असतो ज्याला प्रत्येक कागदात घोटाळा दिसतो. आमच्याकडच्या अशा गृहस्थांना टाळण्यात आमचं वर्ष गेलं. शेवटी त्यांनाच कराराचा मसुदा दिला आणि पंधरा दिवसांत हरकती लेखी मागितल्या. तेवीस हरकती आल्या. एकोणीस किरकोळ होत्या. उरलेल्या चारांतली एक, बांधकाम रखडलं तर भाडं किती महिन्यांपर्यंत मिळत राहणार याची. ते कलम वकिलांच्याही नजरेतून सुटलं होतं. मात्र एक नीट समजावून द्यावं: त्यांचं काम हरकत शोधण्याचं, काम थांबवण्याचा अधिकार त्यांना नाही.

८. पीएमसी कोणाचा माणूस आहे, हे पैशाच्या वाटेवरून ठरवावं.
प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार सोसायटी नेमते, त्याचं शुल्क अखेर बहुधा विकासकाच्या खिशातून येतं. ते सोसायटीच्या खात्यातून, सोसायटीच्या चेकने जावं. ज्याच्या दारात जाऊन माणूस बिल मागतो, त्याची बाजू तो नकळत घेऊ लागतो. यात त्याचा दुष्टपणा असतोच असं नाही.

९. अफवांना उत्तर देणारा एक माणूस नेमावा.
हे कामच आहे असं कोणी मानत नाही. मुंबई महापालिकेकडून मिळणाऱ्या एका महत्त्वाच्या परवानगीचं नाव ‘आयओडी’, आणि त्या आद्याक्षरांचा शब्दशः अर्थ होतो ‘नापसंतीची सूचना’. अटी पूर्ण करा, तोवर नापसंत, असा त्यामागचा हिशेब. पण आमच्याकडे कोणीतरी इंग्रजी मथळा वाचला आणि रात्री अकराला ‘प्लॅन नामंजूर’ अशी बातमी चारही मजल्यांवर पोचली. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिका असलेल्या सभासदबाईंनी फळ्यावर आयओडी, सीसी, ओसी म्हणजे काय, कुठल्यानंतर कुठलं, ते लिहून दाखवलं. पुढे हे काम त्यांच्याकडेच ठेवलं. समितीतल्या निम्म्या जणांनाही ते त्याच दिवशी कळलं, पण ते असो.

काय टाळावं

‘त्यांना वेळ असतो’ म्हणून काम देणं.
वेळ असणं वेगळं, काम येणं वेगळं. ज्यांना फॉर्म भरायचाही कंटाळा, त्यांना केवळ निवृत्त म्हणून पालिकेच्या फेऱ्या देऊ नयेत. उलट बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईंना चहापाण्याची व्यवस्था देऊ नये. आमच्याकडे दोन्ही झालं होतं.

व्हॉट्सअॅपवर काम सोपवणं.
‘जोशी, तुम्ही बघाल ना?’ यावर उमटलेला अंगठा म्हणजे होकार की ‘वाचलं’, हे कोणीच सांगू शकत नाही. काम बैठकीत सांगावं, माणसाने तोंडाने हो म्हणावं, इतिवृत्तात तारखेसह लिहावं. ग्रुपवर फक्त आठवण.

चेकबुक, मूळ कागद आणि विकासकाशी बोलणी एकाच हातात.
माणूस कितीही प्रामाणिक असो. किंबहुना प्रामाणिक माणसावर तर हा अन्यायच. पहिला संशय त्याच्यावर येतो आणि तो दूर करायला साक्षीदार कोणी नसतो. विकासकाशी बोलायला कायम दोघांनी जावं, आणि परत आल्यावर चार ओळी लिहून काढाव्यात.

नातं लपवणं.
समितीतला पदाधिकारी किंवा सदस्य स्वतः विकासक नसावा, विकासकाचा नातेवाईकही नसावा, हे नियमात आहेच. पण नियम न पोचणाऱ्या जागा असतात: भाच्याची टाइल्सची एजन्सी, मेहुण्याचा लिफ्टचा धंदा. असं असेल तर पहिल्याच बैठकीत सांगावं आणि त्या विषयापुरतं बाजूला बसावं. सांगितल्याने कोणाचं काही बिघडत नाही. नंतर कळलं की चांगलं कामही डागाळतं.

साइटवर जाऊन मुकादमाला सांगणं.
पाया भरला की सगळ्यांना इंजिनिअरिंग यायला लागतं. एक जण ओट्याची बाजू बदलायला सांगतो, दुसरा खिडकी सहा इंच सरकवायला, तिसरा आपल्या वास्तुतज्ज्ञाला घेऊनच येतो. मुकादम सगळ्यांना ‘हो साहेब’ म्हणतो आणि त्याच्या नकाशाप्रमाणे करतो. करायलाही तेच हवं. आठवड्यातून एकदा ठरलेल्या एकाच सभासदाने पीएमसीच्या अभियंत्याबरोबर फेरी मारावी. बाकीच्यांनी शंका त्याच्याकडे लेखी द्याव्यात, त्याने त्या पीएमसीमार्फत विकासकाकडे पोचवाव्यात. वाट लांबची वाटते. पण या वाटेने गेलेल्या मागणीला लेखी उत्तर येतं. मुकादमाला सांगितलेलं प्लास्टरखाली जातं.

सल्लागाराला निर्णय विचारणं.
‘साहेब, तुम्हीच सांगा कोणाला द्यायचं काम’ असं पीएमसीला विचारू नये. त्याने तुलना मांडावी, धोके सांगावेत, गप्प बसावं.

समिती बदलली म्हणून तक्ता कोरा करणं.
समितीची मुदत पाच वर्षं, पुनर्विकास बहुतेकदा त्याहून लांब. मध्येच निवडणूक येते, नवे लोक येतात, आणि जुन्यांचं सगळं चुकीचं होतं असं पहिल्या महिन्यात सिद्ध करायला निघतात. जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर निदान दोन बैठका बसावं. यादी द्यावी: कुठली कामं अर्धवट, कुठला कागद कुठे, कोणाला काय तोंडी कबूल केलं. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच कोणी लिहून ठेवत नाही.

चाव्या घेण्याच्या दिवशी जबाबदार माणूस शोधणं.
भाड्याच्या घरात तीन वर्षं काढलेली माणसं त्या दिवशी काहीही तपासायच्या मनःस्थितीत नसतात. भोगवटा प्रमाणपत्र हातात आलंय का, करारातलं क्षेत्रफळ जागेवर मिळतंय का, सामायिक जागा कोणकोणत्या ताब्यात घ्यायच्या, हे तपासणाऱ्यांची नावं पाया खणायच्या आधी ठरलेली असावीत. नुसतं पेढे वाटायचं काम ठरलेलं असून भागत नाही.

आमच्या तक्त्यात बहात्तर ओळी होत्या. एकाहत्तरांपुढे नावं होती. ‘सायकली व जिन्याखालच्या सामानाची जागा’ या ओळीपुढे कोणीतरी पेन्सिलने ‘बघू’ लिहिलं होतं आणि ते तसंच राहिलं. नव्या इमारतीला ग्रॅनाइटची लॉबी आहे, दोन लिफ्ट आहेत. सायकली लॉबीतच उभ्या असतात.