चाळीस हजारांची नॅनो, आणि तिच्या मागचे चाळीस हजार

गाडी कव्हराखाली होती. कव्हर ओढलं तशी आधी धूळ उडाली, मग खालून पिवळी नॅनो दिसली. चारही टायर बसलेले, काचेवर कुणीतरी बोटाने काढलेला गणपती. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे वाचले : ३२१३. म्हणजे २०१३ सालातल्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. विकणाऱ्या ताई म्हणाल्या, "टायर नवेच आहेत हो, बाबांनी फार चालवलीच नाही." खरं बोलत होत्या. नक्षी जवळजवळ पूर्ण होती आणि तिच्या खाचांतून रबराला केसाएवढ्या भेगा गेल्या होत्या. न चालवलेली गाडी ही चांगली ठेवलेली गाडी असते, हा जुनी गाडी घेणाऱ्याचा सगळ्यात महाग गैरसमज.

त्यांनी सांगितले ४५,०००. ठरले ३८,०००. आमच्या आईला मंडईत, बँकेत आणि डॉक्टरकडे नेण्यापुरती गाडी हवी होती. पुण्याच्या गल्लीत ३.१ मीटर लांबीची आणि जागच्या जागी वळणारी गाडी म्हणजे काय सुख असतं, ते मोठ्या गाडीवाल्यांना सांगून कळायचं नाही. पण हे ३८,००० म्हणजे गाडीची किंमत नव्हे, प्रवेश फी आहे.

ती एवढी स्वस्त का, हे आधी समजून घ्या. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती 'लाखाची गाडी' म्हणून आली, २००९ च्या जुलैपासून लोकांच्या हातात पडू लागली, आणि 'लाखाची' हेच विशेषण तिच्या मुळावर आलं. शेजाऱ्याच्या दारात दिसावी अशी ती गाडी राहिली नाही. त्यात सुरुवातीच्या काही गाड्यांना आग लागली. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत शून्य तारे मिळाले. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं. यातली प्रतिष्ठेची बदनामी तुमच्या फायद्याची आहे, कारण तिच्यामुळेच किंमत पडलेली आहे. आगीची आणि धडकेची बाब वेगळी, तिच्याकडे येतोच.

आता कागद. बॉनेट उघडण्याआधी आरसी बुक मागा आणि त्यावरची एकच तारीख बघा : नोंदणीची मुदत कधी संपते. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २००९, १०, ११ च्या नॅनो नेमक्या याच दिवसांत मुदतीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा तो ओलांडून बसल्या आहेत, आणि म्हणूनच त्या विकायला निघाल्या आहेत. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल गाडीचे जे हाल होतात ते आपल्याकडे होत नाहीत. महाराष्ट्रात तपासणी करून पुढची पाच वर्षं नोंदणी मिळते. फुकट मात्र नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून थेट ५,००० झाली. उशीर झाला तर दरमहा ५०० रुपये वेगळे. दोन वर्षं कव्हराखाली पडलेल्या गाडीचा हिशेब करून पाहा : १२,००० उशिराचे, ५,००० नूतनीकरणाचे. गाडी चालू होण्याआधी १७,००० गेले. शिवाय तपासणीची फी आणि राज्याचा पर्यावरण कर.

पुढचाही विचार करून ठेवा. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० लागतात. २०१० ची नॅनो त्या टप्प्यावर २०३० मध्ये येईल. म्हणजे तुम्ही पाच वर्षांपुरती गाडी घेताय, त्याहून जास्त नाही, असं धरूनच भाव करा.

आम्ही पाहिलेली गाडी २०१० च्या ऑगस्टमधली. अर्ज जाईपर्यंत सात महिने उलटणार होते, म्हणजे ३,५०० उशिराचे. मी वहीच्या पानावर ५,००० अधिक ३,५०० असं मांडून ते पान ताईंसमोर ठेवलं. ४५ चे ३८ झाले ते त्या पानामुळे. घासाघीस करताना "गाडी जुनी आहे हो" म्हणण्यापेक्षा सरकारी आकडा जास्त बोलतो.

त्यांच्याकडे आणखी एक अडचण होती, आणि ती जुन्या गाड्यांत फार आढळते : गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर. अशा वेळी मुलीची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, मग फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर. बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि भाऊ परदेशात असेल तर ती संमती यायला पावसाळा उलटतो. आम्हाला दोन महिने लागले. तोवर पाच हजार विसार, लेखी, आणि उरलेले पैसे गाडी ताईंच्या नावावर होऊन नूतनीकरण झाल्यावर. कर्जाचा बोजा आरसीवर दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्यानेच आणायचं. दुसऱ्या जिल्ह्याच्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ लागतो. "नंतर करून देतो" हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन घरी यावं.

गाडीच्या नंबरावर थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात, तीही आधीच भरून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. महाराष्ट्रात मोटारीचा दर ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. विमा फक्त थर्ड पार्टी घ्या. हजार सीसीच्या आतल्या मोटारीला २०२२ साली ठरलेला दर २,०९४, जीएसटी धरून २,४७१. चाळीस हजारांच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा काढणं म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीला कुलूप. बाहेरून सीएनजी बसवलेली नॅनो दिसली तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची दाब-चाचणी झालेली आहे का ते बघा. नसेल तर सोडून द्या, गाड्या खूप आहेत.

कागद जुळले की गॅरेजवाल्याला सोबत न्या. तपासायचे पाचशे-हजार घेईल, आनंदाने द्या. आमचा माणूस खाली वाकला, मागच्या चाकांच्या पुढे बाजूला ज्या खाचा आहेत त्यांत बोट घातलं आणि वाळक्या चिखलाचा गोळा काढून माझ्या तळव्यावर ठेवला. इंजिन मागे असल्यामुळे त्याला वारा मिळतो तो या खाचांतून. त्या बुजल्या की इंजिन तापतं, आणि अॅल्युमिनियमचं इंजिन एकदा सणकून तापलं की हेड गॅस्केट जातं. कूलंटची बाटली बघा. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. ऑइलच्या झाकणाला आतून लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. तिथून पुढे बोलणी करू नका.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा. दोन सिलिंडरचं, ६२४ सीसीचं इंजिन आहे. उभ्या गाडीत थरथर होणारच, रिक्षात बसल्यासारखं वाटणारच. तो दोष नाही, जातीचा स्वभाव आहे. निळा धूर मात्र दोष आहे. गिअर चारच आहेत, पाचवा शोधू नका.

पहिल्या गाड्यांना मागचं दार उघडत नाही. ते २०१५ च्या 'जेनएक्स' नॅनोपासून आलं. त्यामुळे इंजिन पाहायचं तर मागची सीट पाडून, सामानाच्या जागेतलं झाकण स्क्रू फिरवून काढावं लागतं. ही कटकट गॅरेजवालेही टाळतात, म्हणूनच ते झाकण तुमच्यासमोर काढायला लावा. आमच्या गाडीत झाकणाखाली शेंगदाण्याची टरफलं आणि कुरतडलेली वायर निघाली. उंदरांचा मुक्काम! बेसमेंटमधल्या गाडीत हे धरूनच चाला. पायाखालचं मॅटही उचला, खाली पत्रा गंजून पापुद्रे सुटले असतील तर तोही खर्च आहे.

आता आगीबद्दल. त्या घटनांनंतर २०१० च्या अखेरीस कंपनीने विकलेल्या गाड्यांच्या एक्झॉस्ट आणि विजेच्या जोडण्यांना जादा संरक्षण मोफत बसवून द्यायला सुरुवात केली होती, आणि २०११ च्या नोव्हेंबरात लाखाहून जास्त गाड्यांचे स्टार्टर मोटर बदलून देण्याचं जाहीर केलं होतं. सर्व्हिस बुकात त्याची नोंद शोधा. बुक हरवलेलं असेल तर गॅरेजवाल्याकडून वायरिंग बोटाबोटाने तपासून घ्या. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र न विचारता बदलाच. ते पंधरा वर्षांचे आहेत, आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला सोसत नाही. काही हजार किलोमीटरनंतर पाइप आणि सील पुन्हा तपासा. जुन्या नॅनोत पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडावं लागतं, हे पंपावरच्या नव्या पोराला दर वेळी समजावून सांगावं लागेल. बॉनेट उघडल्यावर कायमचा पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी तिथेच उभी करा.

धडकेबद्दल मी गोड बोलणार नाही. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक, वजन ६०० किलोच्या आसपास. ही गाडी घेऊन द्रुतगती मार्गावर जाऊ नका. लहान मुलं असलेल्या घराची एकमेव गाडी म्हणून घेऊ नका. रोज खंबाटकी किंवा कात्रज घाट ओलांडणाऱ्याने तर बघायलाही जाऊ नये. आमची नॅनो शहराबाहेर पडत नाही आणि चाळिसाच्या वर क्वचित जाते.

गॅरेजात गेलेला पैसा असा. टायर चार : १०,४००. पुढचे १३५ रुंदीचे आणि मागचे १५५, दोन्ही बारा इंची, म्हणून पुढचा मागे टाकून काटकसर करता येत नाही. दुकानदार चारही एकाच मापाचे देऊ लागला तर नको म्हणा. चाकाला बोल्ट तीनच असतात, "एक कुठे पडला?" असं विचारून हसं करून घेऊ नका (मी विचारलं होतं). बॅटरी ३,६००. ब्रेकचे लायनर आणि चारही व्हील सिलिंडर ३,९००. उभ्या गाडीचे सिलिंडर अडकतातच, आणि मग ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. ऑइल, कूलंट, प्लग, फिल्टर, पेट्रोलचे पाइप मिळून ३,३००. वायरिंग २,८००. बेरीज २४,०००. कागदांवर नूतनीकरण, उशिराचे पैसे, कर, तपासणी, विमा, नंबरप्लेट, नाव बदलणं आणि पीयूसी मिळून १६,००० च्या आसपास. म्हणजे ३८ ची गाडी ७८ ला पडली. क्लच चांगला निघाला हे आमचं नशीब, नाहीतर आणखी सहा-सात हजार. एसी आम्ही केलाच नाही, आईला वारं लागलं की पुरे.

पहिले दोन महिने हा खर्च होतो, मग थांबतो. शहरात लिटरला अठरा-एकोणीस किलोमीटर मिळतात, टाकीच १५ लिटरची. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत मिळतात, काचा आणि दारं भंगारातून. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड ठाऊक असेलच. फक्त २०१४ पासूनची 'नॅनो ट्विस्ट' घेतलीत तर तिचं पॉवर स्टीअरिंग विजेचं आहे. ते वळवताना जड लागलं किंवा दिवा पेटलेला दिसला तर आधी दुरुस्तीचा भाव विचारा, कारण स्टीअरिंगची किंमत गाडीच्या किमतीला गाठू शकते. जुन्या बिनपॉवरच्या गाडीत बिघडायलाच काही नाही, म्हणून माझी पसंती तिला. हात दुखतात, खिसा नाही.

पैसे देताना ताबा पावती करा. त्यावर तारीख लिहा आणि वेळही लिहा, सायंकाळी ५.४० असं. त्या मिनिटानंतरचं चलन तुमचं, आधीचं त्यांचं. आणि दुसरी चावी मागा. आमच्या ताईंना ती आठवतच नव्हती. मग त्या आत गेल्या, बाबांच्या कपाटातल्या पाकिटांत शोधत राहिल्या, आणि पाऊण तासाने बाहेर आल्या तेव्हा हातात चावी होती, पहिल्या सर्व्हिसचं बिल होतं आणि स्टार्टर बदलल्याची २०१२ ची पावती होती.