पौलाची पावती

शास्त्रभाग : फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२०, २ राजे ४:१-७



गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील सुवार्तिक बंधू आम्हांस भेटावयास आले. त्यांस मिशनाकडून मिळत असलेले मानधन बंद होऊन दीड वर्ष झाले होते. मंडळी लहान, बहुतेक घरे शेतमजुरांची. तेव्हा त्यांनी प्रार्थनेने असा निश्चय केला की, यापुढे कोणापाशी हात पसरावयाचा नाही, कोणास अडचण सांगावयाची नाही, केवळ देवावर भिस्त ठेवून सेवा करावयाची. निश्चय उत्तम होता. परंतु गावातील किराणा दुकानात त्यांचे उधारीचे खाते चालू होते, आणि ते वाढत वाढत अकरा हजारांवर गेले. दुकानदार ख्रिस्ती नव्हे, पण भला मनुष्य. त्याने एके दिवशी चारचौघांत विचारिले, “मास्तर, तुमचा देव पैसे पाठवील तेव्हा पाठवील, तोवर तुमच्या घरी माल माझाच जातो ना?” त्या बोलण्याने हे बंधू इतके खजील झाले की, पुढे तीन रविवार त्यांच्याने उपदेश करवेना. “पाळकसाहेब, माझा विश्वास कोठे कमी पडला?” असे त्यांनी आम्हांस विचारिले.

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य आहे, एवढे मात्र त्याच क्षणी दिसले. आमच्या बंधूंची श्रद्धा परमेश्वरावर होती आणि तिचा खर्च दुकानदाराच्या भांडवलावर पडत होता. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून जे दोन शास्त्रभाग वाचिले, तेच आज ह्या पाठासाठी घेतले आहेत.

प्रथम २ राजे, अध्याय ४ पाहा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे येऊन रडते. तिचा पती देवभीरू होता. तरी तो कर्ज मागे ठेवून मेला, आणि आता सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास येत आहे. कर्ज कशाने झाले हे शास्त्र सांगत नाही, म्हणून आपणही तर्क करू नये. अलीशा तिला विचारितो, घरात काय आहे? तेलाच्या एका भांड्यावाचून काही नाही. मग तो शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगतो. येथे क्षणभर थांबावे. तिला पैसे उसने आणावयास सांगितलेले नाही; भांडी आणावयास सांगितले आहे, आणि तीही रिकामी. तेल वाढले, भांडी भरली. आता त्या तेलाचे काय करावयाचे? सातव्या वचनातील क्रम नीट वाचा : तेल विकावे, कर्ज फेडावे, आणि जे उरेल त्यावर तिने व मुलांनी निर्वाह करावा. चमत्काराने आलेल्या तेलावर पहिला हक्क सावकाराचा ठरला. देवाने पुरविलेल्या धनातून देणेकऱ्याने आधी देणे द्यावे, हे संदेष्ट्यास इतके उघड वाटले की, त्याने त्याचे कारणही दिले नाही.

आता फिलिप्पैकरांस पत्राकडे वळू. चौथ्या अध्यायातील १९ वे वचन आपल्या घरांच्या भिंतींवर टांगलेले असते. त्याच्या आधीची नऊ वचने क्वचितच कोणी वाचितो. पौल बंदिवासात आहे. फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी काही मदत पाठविली आहे, आणि ती पोहोचल्याचे पौल कळवीत आहे. म्हणजे हा भाग एका अर्थी पोचपावती होय. १५ व्या वचनात देण्याघेण्याचा हिशेब आहे. १७ व्या वचनात मंडळीच्या खात्यावर जमा होणाऱ्या फळाची गोष्ट आहे. आणि १८ व्या वचनात ‘मला सर्व पोहोचले’ अशा अर्थाचा जो ‘अपेखो’ हा मूळ ग्रीक शब्द आहे, तो मिसर देशाच्या वाळूत सापडलेल्या त्या काळच्या पावत्यांवर रक्कम भरून पावल्याबद्दल लिहिलेला आढळतो. ज्या प्रेषिताने सर्व स्थितीत तृप्त राहावयास आपण शिकलो असे ११ व्या वचनात म्हटले, त्यानेच सात वचनांच्या अंतरावर पावती लिहून दिली. त्याच्या मनात विश्वास आणि वही ह्यांचे भांडण नव्हते.

तो शिकला असे म्हणतो, हेही लक्षात घ्यावे. हे शिकावयास त्यास पुष्कळ वर्षे लागली असतील. करिंथात तो राहुट्या करण्याचा धंदा करून राहिला (प्रेषितांची कृत्ये १८:३), आणि कमी पडले तेव्हा मासेदोनियातून आलेल्या बंधूंनी त्याची गरज भागविली (२ करिंथ ११:९). हात, मंडळी आणि देव ही तीन निरनिराळी खाती त्याने मानिली नाहीत.

आणि १९ वे वचन कोणास उद्देशून आहे? सुवार्तिकाची गरज देव भागवील असे पौल तेथे म्हणत नाही. ज्या गरीब मंडळीने आपल्या टंचाईतून दिले, तिची गरज आपला देव पुरवील, असे तो तिला सांगतो. मासेदोनियातील मंडळ्या किती दरिद्री होत्या हे २ करिंथ ८:२ वरून कळते. हे वचन सेवक स्वतःसाठी राखून ठेवितो, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या मंडळीस देण्याची संधीच देत नाही, असे आमच्याकडे पुष्कळदा घडते.

येथे कोणी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. त्यांनी १८३० साली ठराविक पगार सोडला, १८३६ साली अनाथगृह काढिले, आणि १८९८ साली मरेपर्यंत सुमारे दहा हजार अनाथांचे पालन केले. मनुष्यापाशी पैसा मागितला नाही. परंतु त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आपल्या सभांत फारशी सांगितली जात नाही. कर्ज काढून काम वाढवावयाचे नाही, हा त्यांच्या संस्थेचा मूळ नियम होता, आणि जमाखर्च दरवर्षी छापून प्रसिद्ध होई. १८४१ च्या अखेरीस पैशाची अतिशय ओढ लागली, आणि नेमकी तीच वार्षिक सभेची वेळ होती. टंचाई लोकांस कळविली तर ती आडवळणाची याचना होईल, म्हणून त्यांनी सभा व अहवाल दोन्ही पुढे ढकलिली. आता आपण स्वतःकडे पाहावे. “हे प्रभो, तुझ्या सेवकाच्या घरी पीठ संपले हे तू जाणतोस,” अशी प्रार्थना रविवारी भर मंडळीत मोठ्याने करणारे सेवक आम्ही पाहिले आहेत. (तरुणपणी आम्हीही एकदा केली होती, पीठ आले, पण आमच्या पत्नीने ते खाली मान घालून घेतले.) ती प्रार्थना देवाच्या नावे लिहिलेली, पण पत्ता पहिल्या रांगेचा. मागणे हे पाप नव्हे. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने उघड मागितले. मागावयाचे तर तसे मागावे.

आपल्याच प्रांतातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्हांस अधिक जवळचे वाटते. १८८७ साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या संस्थेने त्यांच्या कामास दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. दहा वर्षे संपणार हे त्या विसरल्या नाहीत. त्यांनी केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लाविली, की पुढे त्यांच्या उत्पन्नावर काम चालावे. म्यूलर, हडसन टेलर व पेटन यांची चरित्रे वाचून आपला विश्वास कसा वाढला, हे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणिल्या. एवढ्या तोंडांस ती बाग पुरणारी नव्हती, आणि त्या प्रार्थनेवर पुढे गेल्या. पण विहिरी खणणे थांबले नाही. शेत, माग व छापखानाही चालले. झाड लाविले म्हणून विश्वास उणा झाला, असे केडगावी कोणी म्हटले नसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनाची नोकरी सोडिली. त्यांच्या त्यागाविषयी आम्हांस आदर आहे. तरी त्यांच्या उदारपणाने घराची जी ओढाताण होई ती लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिली आहे, आणि प्रत्येक विवाहित सेवकाने तो ग्रंथ वाचावा. पगार सोडण्याचा निश्चय एकट्या पतीने गुडघ्यांवर करावयाचा आणि रिकामा डबा पत्नीने उघडावयाचा, ह्यास आम्ही विश्वास म्हणत नाही. दोघांनी मिळून गुडघे टेकावे.

आता त्या बंधूंविषयी. आमच्या सांगण्यावरून त्यांनी मंडळीच्या पंचांस बसवून सर्व सांगितले. पंच थक्क झाले. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मास्तर, आम्हांला वाटे, तुमचे वरून येते.” मिशनाचे मानधन बंद झाल्याचे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते! कोणास काही न सांगण्याच्या व्रताने बंधूंनी स्वतःस उपाशी ठेविले, आणि मंडळीसही देण्याच्या आशीर्वादास मुकविले.

मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूस काढीत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर तेथील मंडळ्यांचे मोठे काम उभे राहिले. ते ऐकून ह्या मंडळीतील स्त्रियांनी ज्वारीची मूठ काढावयाचे ठरविले. शनिवारी दोन भगिनी घरोघर जाऊन धान्य गोळा करितात. दोघींनी मिळून मोजावयाचे व वहीत लिहावयाचे, कारण पौलानेही पैसा एकट्याच्या हाती नेला नाही (२ करिंथ ८:१८-२१). बंधू आठवड्यातून दोन दिवस शेतावर कामास जातात, आणि त्या मजुरीतून आधी दुकानात हप्ता जातो. दुकानदार दर वेळी रक्कम वहीत मांडून त्याखाली बंधूंची सही घेतो. उधारी अद्याप चार हजारांवर आहे.

पुढील आठवड्याचा पाठ २ करिंथ, अध्याय ८ व ९ ह्यांवर आहे. मंडळीचा जमाखर्च कोणाच्या वहीत आहे, आणि तो शेवटी केव्हा वाचून दाखविला, ह्याची चौकशी करून यावे.