मांजराच्या खेळात दोरा नको

गुजरीच्या मागच्या बोळात आमचं घर, आणि घरात पटवेकरीचा धंदा. सोनाराकडून कोल्हापुरी साजाच्या २१ पानड्या आणि जवमणी आले की ते दोऱ्यात ओवायचे, गाठी मारायच्या, मागे गोंडा बांधून द्यायचा. लग्नसराईत बैठकीवर लाल, काळा, पिवळा दोरा दिवसभर फिरत असतो. उठताना रिळं पत्र्याच्या डब्यात घालायची आणि जमीन झाडून घ्यायची, ही आत्याबाईंची जुनी शिस्त. झाडताना सोन्याचा मणी सापडतो म्हणून पडलेली. एवढं असूनही आमच्या चिंगी मांजरीच्या पोटात हातभर दोरा गेला. धंद्याचं घर म्हणून आमच्याकडे दोरा जास्त, इतकंच. बाकी कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात मांजराच्या तोंडाला लागेल असा दोरा असतोच.

चिंगीने आधी दूध सोडलं. मग पलंगाखाली जाऊन बसली ती हाकेला येईना. पांढऱ्या फेसाची उलटी झाली. जिभेने सारखे ओठ चाटायची, पुढच्या पंजाने तोंड पुसल्यासारखं करायची. आत्याबाई म्हणाल्या, “केस अडकला असंल गं, निघंल उद्या.” अंग चाटून पोटात गेलेले केस मांजर अधूनमधून ओकून टाकतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण केस ओकून टाकलेलं मांजर लगेच खायला मागतं. ही पाण्यालाही तोंड लावेना, तेव्हा तिला टोपलीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी एका हाताने तिचं तोंड उघडलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या जबड्याच्या बेचक्यात बाहेरून वर दाबला. त्याने जिभेचं मूळ वर आलं आणि तिथे लाल दोऱ्याचा वेढा दिसला, जिभेच्या मांसात रुतलेला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “कुणी ओढून बघितला नाही ना?” कुणी ओढला नव्हता, कारण तो दिसलाच नव्हता.

मग त्यांनी समजावलं ते असं. मांजराच्या जिभेवर काटे असतात आणि ते सगळे घशाकडे वळलेले. एकदा दोरा जिभेवर आला की मांजराला तो थुंकता येत नाही, आतच ढकलावा लागतो. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जात राहतं. आतडं तो पुढे ढकलायला बघतं आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तसं स्वतःच दोऱ्यावर गोळा होतं. ताणलेला दोरा चुण्यांच्या आतल्या बाजूने आतडं कापत जातो. आतडं फाटलं की घाण पोटात पसरते आणि मग मांजर वाचणं फार कठीण. साध्या एक्स-रेत दोरा स्वतः दिसत नाही, गोळा झालेलं आतडं दिसतं. सोनोग्राफीत जास्त कळतं. चिंगीचं पोट त्याच रात्री उघडावं लागलं आणि दोरा तुकड्या-तुकड्याने काढण्यासाठी आतडं एकाहून जास्त ठिकाणी चिरावं लागलं. ती वाचली. उशीर झाला असता तर वाचली नसती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत तो कुठे अडकलाय हे तुम्हाला माहीत नसतं आणि एका ओढीत आतडं कापलं जातं. बाहेरचा तुकडा कापूनही टाकू नका. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी, सुटावं म्हणून तूप किंवा एरंडेल, यांतलं काहीही पाजू नका. अंग गरम लागतंय म्हणून माणसांची तापाची गोळी तर अजिबात नको. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. टोपली उचला आणि दवाखाना गाठा. घरात तसाच दोरा असेल तर त्याचा तुकडा सोबत न्या, जाडी आणि जात डॉक्टरांना कळते.

आता घरात नजर फिरवा. गजऱ्याचा दोरा घ्या. अंबाबाईच्या देवळातून आल्यावर गजरा रात्री उशाशी काढून ठेवतात, फुलं सुकतात आणि दोरा राहतो. हाराचंही तेच. मटणाच्या पिशवीला बांधलेली सुतळी सगळ्यात वाईट, कारण तिला रश्शाचा वास लागलेला असतो आणि मांजर ती खेळ म्हणून नाही, खाणं म्हणून गिळतं. मुलींच्या केसांची रबरं, मिठाईच्या खोक्याची दोरी, सुईत ओवून टोचून ठेवलेला दोरा, जुनी राखी, पतंगाचा मांजा. आणि गौरी-गणपतीत मखराला लावतात त्या चमकीच्या झिरमिळ्या. पंख्याच्या वाऱ्याने त्या हलतात आणि मांजराचे डोळे तिथेच खिळतात. आमच्या घरात आता आरास कागदी फुलांची असते, झिरमिळ्या नाहीत. देवाचं काही कमी होत नाही.

मांजराला दोराच का आवडतो, हे समजल्याशिवाय त्याला दुसरं काय द्यायचं ते कळणार नाही. बारीक, लांब, सरपटणारी, मध्येच थांबून पुन्हा निसटणारी वस्तू त्याच्या लेखी शेपूट आहे. मांजराचा खेळ म्हणजे शिकारच. दबा धरणं, मागे लागणं, झेप, पकड, चावा आणि शेवटी खाणं. खेळणं कितीही महागाचं असो, यातलं काही त्यात नसेल तर मांजर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. साउदम्प्टन विद्यापीठात सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी घरगुती मांजरांच्या खेळावर काम केलं, २००२ साली ते छापून आलं. तेच खेळणं पुन्हा पुन्हा पुढे टाकलं की मांजराची गोडी उतरत जाते आणि खेळणं बदललं की ती लगेच परत येते, असं त्यांना दिसलं. आपण म्हणतो मांजर कंटाळलं, आळशी झालं. ते त्या वस्तूला कंटाळलेलं असतं.

आणि शिकारीचा शेवट घासाने व्हावा लागतो, ही गोष्ट आपल्या कोल्हापुरात एके काळी जाणत्या माणसांना चांगली माहीत होती. संस्थानाच्या काळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळत. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. चित्ता काळविटावर सोडायचा, पण पकड झाल्यावर त्याला नुसतं मागे ओढायचं नाही, अशी हिंदुस्थानातल्या चित्तेवानांची रीत होती. लाकडी पळीत शिकारीचं रक्त धरून ते त्याच्या तोंडाशी न्यायचं, तो ते चाटायला लागला की मग टोपी घालून त्याला ताब्यात घ्यायचं. धावपळीचा शेवट घासाने झाला पाहिजे, नाहीतर जनावर अस्वस्थ राहतं. मला मांजराच्या खेळात यापेक्षा मोठा नियम माहीत नाही.

म्हणून लेझरच्या लाल ठिपक्यावर माझा राग आहे. भिंतीवरून ठिपका पळवला की मांजर अर्धा तास धावतं, आपण हसतो, पण त्याच्या पंजात काहीच येत नाही. अशी कितीतरी मांजरं नंतर सावल्यांच्या मागे लागतात, भिंतीकडे बघत बसतात. घरात लेझर असलाच तर तो डोळ्यांवर कधी जाऊ देऊ नका आणि शेवटी ठिपका एखाद्या घासावर आणून थांबवा. न आणलेला बरा.

त्याऐवजी कळकाची हातभर काठी घ्या. तिच्या टोकाला जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी घट्ट शिवा. बांधू नका, शिवा, आणि कडा दुमडून घ्या म्हणजे दशा सुटणार नाहीत. पट्टी जमिनीवरून मांजरापासून दूर न्या, खांबाआड लपवा, थांबवा. तोंडासमोर नाचवू नका. कुठला उंदीर मांजराच्या तोंडाशी नाचायला येतो? दर दोन-तीन झेपांनंतर एकदा पकडू द्या, चावू द्या, मागच्या पायांनी लाथा मारू द्या. वेग हळूहळू कमी करा आणि शेवटी शिजवलेल्या चिकनचा तुकडा ठेवा, मीठ, कांदा, लसूण न घातलेला. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात, तेव्हा तांबड्या-पांढऱ्या रश्शातला तुकडा धुऊनही देऊ नका. खेळ संपला की काठी कपाटात. माणूस समोर असतानाच पट्टीचा खेळ, ही अट कधीच मोडायची नाही.

माणूस नसताना काय, तर टेबल टेनिसचा चेंडू आणि जुनी पितळी परात. परातीत चेंडू टाकला की पंजा लागताच तो काठाला धडकून परत येतो, आवाज करतो, पण बाहेर सहसा जात नाही. चिंगीला याहून प्रिय काही नाही. रात्री मात्र परात उचलून ठेवा, शेजारी झोपलेले असतात. बंद तोंडाचा जुना मोजा चिंध्या भरून शिवला तर लाथा मारायला चालतो; बटणं, मणी, प्लॅस्टिकचे डोळे लावू नका. सागरगोटे, गोट्या, चिंचोके नकोत. तोंडात पूर्ण मावेल अशी कुठलीही वस्तू खेळणं नाही. चपलांच्या दुकानाजवळ राहणारे चामड्याचे वाद देतात, तेही नको. कमावलेलं चामडं पोटात विरघळत नाही.

ओरखडायला टेबलाच्या पायाला सुंभ गुंडाळा, मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतक्या उंचीपर्यंत. सुटलेलं टोक दिसलं की कापून टाका. आंब्याची पुठ्ठ्याची खोकी फुकट मिळतात, त्यांना आमनेसामने दोन भोकं पाडली की झालं. चिकटपट्टी आणि पिना आधी काढा. कागदी पिशवी द्यायची तर तिचे बंद कापून, कारण मान त्यात अडकते. पावसाळ्यात भिंतीच्या कडेला खोकली उगवते, तिचं मूळ उपटून ठेवलं तर बरीच मांजरं त्यावर लोळतात. मी ते मूळ फक्त हुंगायला देते, चघळायला लागली की काढून घेते.

एक गोष्ट पोरांना शिकवावी लागते. हात हे खेळणं नाही. पिल्लू बोट चावतं ते गोड वाटतं, पण तोच बोका वर्षाने हाडापर्यंत दात घालतो. चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. हळद, चुना भरू नका. मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा.

आमच्या बोळातल्या एका कॉलेजच्या पोराने मोबाइलवर फेरेट नावाचा प्राणी बघितला आणि मला विचारायला आला, “काकी, मांजरापेक्षा हे भारी खेळतंय, आणू काय?” फेरेट खेळकर असतो हे खरं. युरोपात माणसांनी तो सशांच्या बिळात सोडायला पाळला, म्हणून त्याला नळ्या, बोगदे, उकरायची पेटी यांचं वेड. पण मऊ रबर आणि फोम कुरतडून गिळायची त्याची खोड चिंगीच्या दोऱ्याइतकीच जीवघेणी; तरुण फेरेटच्या आतड्यात तेच अडकतं. रोज काही तास तरी पिंजऱ्याबाहेर मोकळं फिरायला लागतं आणि तेवढा वेळ त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. शिवाय त्याला उष्मा सोसत नाही. तिशीच्या वर पारा गेला की जिवाला धोका, आणि आपल्याकडे एप्रिलची दुपार पस्तिशीच्या पुढे असते. मी त्याला नको म्हणाले. उसाच्या फडातून मुंगसाचं पिल्लू उचलून आणायची कल्पनाही त्याने काढली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात पाळता येत नाही, आणि येत असतं तरी त्या जीवाची जागा फडाच्या बांधावर आहे. शेवटी त्याने मंडईतलं मांजराचं अनाथ पिल्लू आणलं.

खेळाची वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची ठेवा, मांजराचं अंग तेव्हाच जागं असतं. पाच-दहा मिनिटं पुरतात. इंग्लंडातल्या एक्सटर विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज एवढाच वेळ खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार चौथ्या हिश्शाने कमी झाली. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिलेल्यांची तिसऱ्या हिश्शाहून जास्त. रंकाळ्याच्या काठाला राहणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, तिथल्या पाखरांवर उपकार होतील. सहा-सात खेळणी असतील तर दोन बाहेर, बाकी बंद डब्यात, आठवड्याने अदलाबदल. बदलताना प्रत्येक शिवण बोटाने ओढून बघा. उसवलेली असेल तर आधी शिवा, मग द्या. शिवून उरलेला दोरा लगेच डब्यात टाका. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, तिथे सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया होते का, हे आजच विचारून नंबर फडताळाच्या दारावर लिहून ठेवा.