एका विकराची उणीव आणि डांबराच्या गोळ्या

चयापचयातील ऊर्जेचा बराचसा व्यवहार हायड्रोजनच्या देवघेवीवर चालतो. अन्नघटकांतून हायड्रोजन काढून घेणाऱ्या विकरांना डीहायड्रोजिनेज म्हणतात. काढलेला हायड्रोजन कोणाच्या स्वाधीन होतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. क्रेब्ज चक्रातील मॅलेट डीहायड्रोजिनेज तो एनएडीला देते. त्यातून ऊर्जा निर्माण होते. ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले जी-सिक्स-पीडी, तो एनएडीपीला देते. त्यापासून होणारे एनएडीपीएच तांबड्या पेशीत संरक्षणाच्या कामी येते.

इतर पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे अन्य मार्ग आहेत. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसल्याने तिला हा एकच आधार. ऑक्सिडीकरणाचा आघात ग्लुटाथायोन झेलते आणि एनएडीपीएच त्याला पूर्ववत करते. विकर उणे असेल तर ही साखळी तुटते, हिमोग्लोबिन विरूप होऊन हाइन्झ-पिंड साचतात आणि पेशी अकाली फुटतात. प्रायमाक्विनमुळे काहींनाच रक्तविलय का होतो, याचा शोध घेताना १९५६ मध्ये अमेरिकेत ही उणीव उमगली. भारतात तिचे मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण हे प्रकार विशेष आढळतात. यांतले कल्याण म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातलेच.

जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलगे अधिक बाधित होतात. मुलींच्या रक्तात मात्र सबळ व दुर्बळ पेशींचे मिश्रण असू शकते, म्हणून ‘मुलगी आहे, काळजी नको’ हे म्हणणे मला पटत नाही.

बालरोगतज्ज्ञाला या विकराची गाठ बहुधा नवजात काविळीतच पडते. आपल्या घरांत बाळाला प्रथम जुने, मऊ कपडे घालण्याची रीत आहे. रीत चांगली, पण थोरल्या भावंडाची झबली, कुंची आणि आजीच्या लुगड्याची दुपटी पेटीतून निघतात ती डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊनच. नॅफ्थलीन श्वासातून आणि बाळाच्या कोवळ्या त्वचेतूनही शरीरात जाते. यकृतात त्याची ऑक्सिडीकारक द्रव्ये बनतात आणि नवजाताचे अपक्व यकृत त्यांचा निचरा सावकाश करते. विकर उणे असलेल्या बाळात बिलिरुबिन झपाट्याने चढून मेंदूपर्यंत पोचू शकते. त्यातून येणारे बहिरेपण व स्नायूंचा ताठरपणा जन्मभर राहतो. बाळंतविड्याच्या पेटीत या गोळ्या मुळी ठेवूच नयेत, हे गर्भवतीला सातव्या-आठव्या महिन्यातच सांगावे. कावीळ झालेल्या बाळाची माहिती घेताना कपडे कोठे ठेवले होते, हा प्रश्न मी कधी वगळत नाही.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. रक्तविलय ऐन भरात असताना दुबळ्या, वयस्क पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात. उरतात त्या तरुण पेशी, ज्यांत विकर तुलनेने अधिक असते. त्यामुळे अहवाल फसवा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. संशय दाट असेल तर सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी, आणि तोवर बाळाला उणीव आहे असेच धरून औषधे निवडावीत.

नॅफ्थलीनमुळे कधी मेथहिमोग्लोबिनही वाढते व बाळ निळसर दिसते. अशा वेळी हात सवयीने मेथिलीन ब्लूकडे जातो. पण त्या औषधाचे कार्यही एनएडीपीएचवरच चालते. येथे ते निष्प्रभ ठरते, शिवाय रक्तविलय वाढवते.