पद्मिनीचा ताप आणि पत्र्याचा श्राउड

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या ब्रँचचा आहे, आणि माझ्या घरचाही.

मी मानवतची, जि. परभणी. आमच्या आबांकडे 1986 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघणारी ही गाडी 1974 पासून 'पद्मिनी' झाली. इंजिन 1089 सीसीचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण आबांची अजून चालते. म्हणजे, चालत होती...

गेल्या मे महिन्यात आजीला तपासणीसाठी परभणीला न्यायचं होतं. मोंढ्याजवळ एका वरातीमागे अडकलो. दहा मिनिटांत बॉनेटमधून वाफ! आजीला उन्हात उतरवून रिक्षात बसवावं लागलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आता भंगारात देऊन टाकू, आबा." आबा काहीच बोलले नाहीत. गाडीवरचं कव्हर नीट करत बसले. तेच मला जास्त लागलं. मी म्हटलं, "बाबा, मला सुट्टीचे पंधरा दिवस द्या."

दुखणं काय होतं?

ढोबळमानाने पेट्रोलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांश भाग कूलिंगच्या पाण्यात जातो. गाडी वेगात असली की समोरून वारा रेडिएटरमध्ये आपोआप शिरतो. उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. आमची गाडी वेगात थंड आणि गर्दीत गरम, म्हणजे संशय हवेवर.

तरी आधी बाकीच्या गोष्टी तपासल्या: बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण. झाकण साधं वाटतं, पण ते दाब धरतं आणि प्रत्येक 0.1 बार दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू 2 ते 3 अंशांनी वाढतो. आबा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालायचे, त्यामुळे आत क्षार साचले होते. रेडिएटर साफ करून घेतला. फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग उदबत्ती लावली! इंजिन चालू ठेवून ती रेडिएटरच्या पुढे धरली. मधोमध धूर सरळ आत. कोपऱ्यात मात्र तो नुसता घुटमळत होता. कारण सोपं आहे. पंखा गोल, कोर चौकोनी. समजा कोर 40 बाय 35 सें.मी. म्हणजे 1400 चौ.सें.मी. आणि पंख्याचा व्यास 30 सें.मी., म्हणजे साधारण 707 चौ.सें.मी. अर्धा कोर रिकामटेकडा! शिवाय पंख्याच्या कडेने इंजिनकडची गरम हवाच फिरून परत येते.

होस्टेलवाल्यांना हे लगेच पटेल. कूलरची एक बाजू उघडी ठेवा. पंखा जोरात फिरतो, पण हवा ओल्या गवतातून न येता उघड्या बाजूने येते आणि आपण घामाघूम. श्राउड म्हणजे ती बंद बाजू. पंख्याने ओढलेली हवा कोरमधूनच आली पाहिजे, एवढंच त्याचं काम. आमच्या गाडीला तो नव्हता.

साहित्य

कूलर बनवणाऱ्या चाचांकडून जी.आय. पत्र्याचे उरलेले तुकडे, रिबिटा, नट-बोल्ट, सायकलची जुनी ट्यूब आणि टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा. सगळा खर्च 340 रुपये. सरकीच्या तेलाचा डबा फुकट होता, पण चाचा म्हणाले, "ताई, वो पतला है, फडफड करेगा." ऐकलं.

कृती

1) इंजिन थंड असताना बॅटरीची अर्थची वायर काढा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

2) आधी पुठ्ठ्याचा नमुना बनवा. पुठ्ठा चुकला तर दोन रुपये जातात, पत्रा चुकला तर दिवस जातो.

3) पंख्याभोवतीच्या रिंगची पट्टी कापा. पंखा 30 सें.मी., चहूबाजूंनी 2 सें.मी. मोकळी जागा, म्हणजे रिंगचा व्यास 34. लांबी = 3.14 × 34 = सुमारे 107 सें.मी., वर जोडासाठी 2 सें.मी. पट्टीची रुंदी अशी ठेवा की पातं अर्धं रिंगमध्ये आणि अर्धं बाहेर राहील.

4) श्राउड वर-खाली अशा दोन भागांत करा, म्हणजे रेडिएटर न उतरवता बसतो.

5) तो रेडिएटरच्या बाजूच्या ब्रॅकेटवरच बोल्टने बसवा. कोरला स्क्रू मारलात तर नळी फुटलीच समजा. कडेला ट्यूबची पट्टी लावून फटी बंद करा.

6) बॅटरी जोडण्याआधी पंखा हाताने पूर्ण फिरवून बघा.

मी कुठे चुकले

पहिल्या वेळी मी 1 सें.मी. जागा ठेवली. पुस्तकात होतं, जागा जितकी कमी तितकी गळती कमी. बरोबर आहे, पण आमचा पंखा इंजिनवर असतो आणि श्राउड रेडिएटरवर. आबांनी रेस दिली, इंजिन रबरी माउंटिंगवर झुकलं आणि खर्रर्र! नशीब, पातं वाकलं नाही. रिंग कापून पुन्हा केली. आबा नुसते हसले. म्हणाले, "इंजिन बी माणसावानी असतं पोरी, जोर लावला की हलतं."

दुसरी अडचण वेगात आली. श्राउडच्या सपाट भागामुळे समोरून येणारा वारा अडतो. म्हणून चारही कोपऱ्यांत भोकं पाडून इंजिनच्या बाजूने ट्यूबच्या झडपा लावल्या. वेगात वाऱ्याने त्या उघडतात आणि गाडी उभी असली की पंख्याच्या ओढीने मिटतात.

निरीक्षण

तापमान मोजायला कोरोनातली थर्मामीटर गन आणली. ती माणसासाठी, तिने लगेच हात टेकले! मग गाडीच्याच मीटरवर भरवसा ठेवला. दुपारी उन्हात, आयडलिंगवर: श्राउडआधी काटा 11 मिनिटांत लाल पट्ट्यात. श्राउडनंतर 25 मिनिटं झाली तरी लालच्या खाली स्थिर. उदबत्तीचा धूर आता कोपऱ्यांतूनही आत जातो.

निष्कर्ष

श्राउड हा रामबाण नव्हे. रेडिएटर चोंदला असेल किंवा पंप गेला असेल, तर पत्रा काय करणार? पण गाडी फक्त थांबल्यावर तापत असेल, तर सगळ्यात स्वस्त औषध हेच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आजीला पुन्हा परभणीला न्यायचं होतं. आबांनी कव्हर काढलं आणि बाबांकडे न बघता किल्ली माझ्या हातात दिली. मोंढ्यात नेहमीसारखीच गर्दी. आजी मागे बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवला होता. काटा हलला नाही.

भंगाराचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी